बोलक्या यंत्राला जागा किती?



घर बांधावयाचें म्हणजे आधीं जागा पाहावी लागते, आणि जागा पाहावयाची म्हणजे घरांत माणसें किती, सामान किती आणि पुढें तें वाढेल किती, याचा हिशेब करावा लागतो. हा हिशेब संसारी माणसाला कोणी शिकवावा लागत नाहीं. परंतु ज्या घरांत माणसें न राहतां केवळ शब्द राहावयाचे आहेत, त्या घराच्या जागेचा हिशेब कसा करावयाचा, हा प्रश्न मात्र गेल्या साठसत्तर वर्षांत नव्यानें उत्पन्न झालेला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आज मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

आपण प्रश्न लिहावा आणि संगणकानें माणसासारखें उत्तर द्यावें, अशा प्रकारच्या प्रोग्रामांना चॅटबॉट म्हणतात. मराठींत त्यांना बोलकीं यंत्रें म्हणावयास हरकत नाहीं. हीं यंत्रें आतां केवळ मोठ्या शहरांपुरतीं राहिलेलीं नाहींत. केंद्र सरकारच्या पीएम-किसान योजनेसाठीं सप्टेंबर २०२३ मध्यें ‘किसान ई-मित्र’ या नांवाचा बॉट सुरू झाला. आणि त्याच योजनेचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें वितरित झाला, तो आमच्या यवतमाळ येथूनच. हप्ता कां अडला, आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं, हें विचारावयास ज्या शेतकऱ्याला तालुक्याच्या कचेरीला खेटे घालावे लागत, त्याला आतां फोनवर प्रश्न टाकतां येतो.

सरकारापाशीं मोठालीं यंत्रें असतात. त्याला जागेची चिंता कमी. परंतु एखाद्या ग्रंथालयानें, शेतकी मंडळानें किंवा हौशी विद्यार्थ्यानें स्वतःचा लहानसा बॉट चालवावयाचा मनांत आणलें, तर बहुधा दुसऱ्याच्या यंत्रावर भाड्याची खोली घ्यावी लागते. अशा खोलीचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे शेल अकाउंट. खोली किती मोठी घ्यावी, हा तेथें पहिला प्रश्न असतो. लहान घेतली तर काम मध्येंच अडतें, मोठी घेतली तर भाडें फुकट जातें.

यवतमाळकरांना हा प्रश्न अगदींच परका वाटूं नये. आमचा जिल्हा कापसाचा. शेतांतून निघालेल्या कापसाची गाडी किती जागा व्यापते, जिनिंगमध्यें सरकी वेगळी झाल्यावर वजनाचा सुमारें एकतृतीयांश भागच रुई म्हणून कशी उरते, आणि तीच रुई प्रेसमध्यें दाबून तिची गाठ बांधली म्हणजे ती किती थोड्या जागेंत बसते, हें येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असतें. आज हिंदुस्थानांत रुईची गाठ १७० किलोची धरतात. १९०३ सालीं यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची आगगाडी सुरू झाली, ती मुख्यतः हा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठींच. जागेचा अंदाज चुकला तर माल फलाटावर भिजत पडतो, हा धडा ज्यांनीं घेतला आहे, त्यांना शब्दांच्या गोदामाचा हिशेब समजावयास वेळ लागणार नाहीं. कच्चा माल, पक्का माल आणि दाबून बांधलेला माल यांची जागा निरनिराळी असते, एवढें सूत्र लक्षांत ठेवावें म्हणजे झालें.

शब्द सांठविणारी पहिली फिरती तबकडी अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. त्या यंत्राचें नांव रॅमॅक. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरें मावत. संपूर्ण यंत्राचें भाडें महिना ३,२०० डॉलर होतें. एवढें भाडें भरणारा मनुष्य अक्षर न् अक्षर मोजून ठेवील, यांत नवल कोणतें? जागेचा काटेकोर अंदाज करण्याची संवय या महागाईंतूनच लागली.

यंत्र महाग, म्हणून तें अनेकांनीं वांटून घ्यावें, ही कल्पना त्यांतूनच पुढें आली. मॅसॅच्युसेट्सच्या एम. आय. टी. या संस्थेंत १९६१ सालीं सी. टी. एस. एस. नांवाची व्यवस्था प्रथम चालवून दाखविण्यांत आली. तिच्यांत एकाच संगणकाला पुष्कळ टंकयंत्रें जोडलेलीं असत, आणि प्रत्येकाला वाटे कीं संगणक आपलें एकट्याचेंच ऐकत आहे. या व्यवस्थेवरच जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकानें ‘एलायझा’ नांवाचें बोलकें यंत्र तयार केलें, आणि त्याचा वृत्तांत जानेवारी १९६६ मध्यें छापून आला. हें नांव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकांतील नायिकेचें. तीच नायिका पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या नाटकांत १९७५ सालीं मंजुळा होऊन मराठी रंगभूमीवर आली, हें आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. शॉची एलायझा जशी शिकविलेले उच्चार म्हणून दाखवी, तशीच ही यंत्रांतली एलायझा समोरच्याचींच वाक्यें थोडीं फिरवून त्याला परत विचारी.

या एलायझेची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. वायझेनबॉमनें तिचे दोन भाग केले होते. वाक्यें उलगडणारा प्रोग्राम एक, आणि कोणत्या शब्दावर काय बोलावें हें सांगणारी संहिता दुसरी. संहिता बदलली कीं तेंच यंत्र वेगळ्या विषयावर बोलूं लागे. ज्या संगणकावर हें चाललें, त्या आय. बी. एम. ७०९४ च्या स्मृतीच्या एका भागांत ३२,७६८ शब्द राहत, आणि दर शब्दांत सहा अक्षरें. म्हणजे एकूण १,९६,६०८ अक्षरें. लहानशा कादंबरीएवढी ही जागा. तेवढ्यांतही एलायझेशीं बोलणाऱ्यांना आपण कोणा जाणत्या माणसाशींच बोलत आहों असें वाटूं लागलें, आणि तें पाहून स्वतः वायझेनबॉमच अस्वस्थ झाला. बोलणें खरें वाटण्यास जागा फार लागत नाहीं, हा इतिहासाचा पहिला निष्कर्ष.

शेल हा शब्दही याच सुमाराचा. संगणकाच्या अंतर्भागाला गर म्हटलें, तर वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकून त्या आंत पोंचविणारें तें कवच, अशा अर्थानें लुई पुझां या फ्रेंच शास्त्रज्ञानें तो १९६५ च्या सुमारास योजिला. पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स ही व्यवस्था उभारण्यास आरंभ केला, तेव्हां ही कल्पना तींत आली. आणि विद्यापीठांतून युनिक्स पसरल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला एक नांव, एक परवलीचा शब्द आणि तबकडीवर थोडीशी जागा मिळूं लागली. हेंच शेल अकाउंट. एकानें सगळी जागा बळकावूं नये म्हणून बर्कले विद्यापीठाच्या १९८३ सालच्या युनिक्समध्यें वांट्याची मर्यादा बसविण्याची सोय झाली. ती मर्यादा दुहेरी आहे. पहिली मृदु, ती ओलांडली तर सूचना मिळते आणि कांहीं दिवसांची सवलत असते. दुसरी कठोर, तिच्यापुढें एक अक्षरही लिहितां येत नाहीं. सावकाराच्या तगाद्याचा आणि जप्तीचा फरक ज्यांना माहीत आहे, त्यांना हें अधिक उलगडून सांगण्याची जरूर नाहीं.

ऑगस्ट १९८८ मध्यें फिनलंडमधील औलू विद्यापीठांत यार्को ओइकारिनेन यानें दूरदूरच्या माणसांना एकाच वेळीं लिहून गप्पा मारतां याव्या अशी आय. आर. सी. नांवाची सोय निर्माण केली. या गप्पांच्या चावडीवर माणसें येत आणि जात. परंतु चावडी राखावयास रात्रंदिवस कोणी तरी पाहिजे होता. डिसेंबर १९९३ मध्यें रोबी पॉइंटर यानें लिहिलेला ‘एगड्रॉप’ हा बॉट अशा राखणदारांत विशेष प्रसिद्ध झाला. मालक झोंपला तरी तो शेल अकाउंटवर जागा राही. त्याला पांचदहा मेगाबाइट जागा पुरत असे. एक मेगाबाइट म्हणजे ढोबळ मानानें दहा लाख इंग्रजी अक्षरांची जागा. हजारों तरुणांनीं जागेचा अंदाज करावयास प्रथम शिकलें, तें या राखणदारासाठीं खोली शोधतांना.

आपल्या देशांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून. प्रारंभीं तें मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांपुरतें होतें. यवतमाळसारख्या गांवाला स्थानिक दूरध्वनीवरून तें मिळत नसे. चित्रें दाखविणाऱ्या जोडणीला वर्षाला १५,००० रुपये पडत, तर विद्यार्थ्यांसाठीं केवळ अक्षरें दाखविणारें शेल खातें ५०० रुपयांत मिळे. शिक्षकाच्या घरांतील मुलाला परवडे तें दुसरेंच. आपल्याकडील कित्येक संगणकज्ञांची पहिली शाळा हीच पांचशें रुपयांची काळी खोली होय.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. कारण जागेच्या हिशेबांत मराठीचें गणित इंग्रजीहून वेगळें आहे. संगणक जागा मोजतो ती बाइटमध्यें, आणि एका बाइटांत २५६ पैकीं एकच खूण मावते. भारतीय लिप्यांसाठीं १९९१ सालीं जो ‘इस्की’ हा संकेत राष्ट्रीय मानक म्हणून ठरला, त्यांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह एका बाइटांत बसे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें या संकेतावर पुष्कळ काम केलें. परंतु सर्व जगाच्या लिप्या एकत्र नांदाव्या म्हणून त्याच वर्षीं युनिकोड हा संकेत निघाला. तो लिहिण्याची यू. टी. एफ.-८ ही रीत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीं सप्टेंबर १९९२ मध्यें न्यू जर्सींतील एका खानावळींत बसून योजिली. जुनें इंग्रजी लिखाण जसेंच्या तसें चालावें, ही तिची मुख्य अट. म्हणून इंग्रजी अक्षराला एक बाइट राहिला, आणि देवनागरीच्या वांट्याला प्रत्येक चिन्हामागें तीन आले.

उदाहरणच घ्या. ‘यवतमाळ’ या शब्दांत य, व, त, म, काना आणि ळ अशीं सहा चिन्हें आहेत. इस्कींत त्यांना सहा बाइट लागत, यू. टी. एफ.-८ मध्यें अठरा लागतात. हेंच नांव रोमन लिपींत लिहिलें तर आठांत आटोपतें. ‘ज्ञानेश्वर’ या नांवांत काना, मात्रा आणि दोन हलंत धरून दहा चिन्हें भरतात. त्याला तीस बाइट द्यावे लागतात. ही आपली पीछेहाट आहे असें मात्र कोणी मानूं नये. या महागड्या रीतीमुळेंच आज मराठी पत्र जगांतील कोणत्याही यंत्रावर न बिघडतां वाचतां येतें. इस्कीच्या काळीं तें शेजारच्या संगणकावरही उमटेल अशी खात्री नसे. परंतु इंग्रजी पुस्तकांतील अंदाज जसाचा तसा उचलून मराठी बॉटला जागा घेणारा मनुष्य हटकून अडचणींत येईल, एवढें खरें.

आतां आपण एक हिशेब प्रत्यक्ष करूं. आंकडे मी समजुतीसाठीं घेतलेले आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठीं एका मंडळाला मराठी बॉट चालवावयाचा आहे असें धरा. प्रोग्राम आणि त्याची साधनें यांना एक कोटी बाइट. संहितेंत १,००० प्रश्नोत्तरें, प्रत्येकांत ४०० चिन्हें, आणि चिन्हास तीन बाइट. म्हणजे बारा लाख बाइट. दोन्ही मिळून एक कोटी बारा लाख.

येथें दोन खांचखळगे आहेत. पहिला असा कीं, तबकडी सुटे बाइट विकत नाहीं. ती ठराविक मापाचे खण देते, आणि तें माप बहुधा ४,०९६ बाइटांचें असतें. प्रत्येक प्रश्नोत्तर वेगळ्या फाइलींत ठेवलें, तर १,२०० बाइटांच्या उत्तरालाही पुरा खण द्यावा लागतो, आणि बारा लाखांची संहिता ४०,९६,००० बाइट अडवून बसते. म्हणून तीं एकाच फाइलींत बांधावीं. दुसरा असा कीं, नवी प्रत जुनीवर कधीं लिहूं नये. पुष्कळ प्रोग्राम जुनी फाइल आधीं रिकामी करितात आणि मग नवी लिहूं लागतात. तेवढ्यांत जागा संपली तर नवी होत नाहीं आणि जुनीही जाते. नवी प्रत शेजारीं पुरी लिहून झाल्यावरच जुनी मोडावी. यासाठीं जागा दुप्पट धरिली पाहिजे. म्हणजे दोन कोटी चोवीस लाख बाइट.

येथपर्यंत सारें आटोपशीर आहे. परंतु बॉट जें बोलतो आणि ऐकतो, त्याची रोजनिशी ठेवण्याचा प्रघात आहे. दिवसाला २०० संभाषणें, प्रत्येकांत २० ओळी, ओळींत ५० चिन्हें, असें धरिलें तर रोजचे सहा लाख बाइट होतात. एवढ्या नोंदींनीं तें १९५६ सालचें रॅमॅक यंत्र नऊ दिवसांच्या आंतच गच्च भरलें असतें. वर्षाचे होतात एकवीस कोटी नव्वद लाख. सगळ्या संसाराला दोन कोटी चोवीस लाख, आणि एकट्या रोजनिशीला त्याच्या जवळजवळ दहापट! शेल अकाउंटवरील बॉट बंद पडतात ते बहुधा प्रोग्राम मोठा झाल्यामुळें नव्हे, तर कोणीही न वाचलेल्या नोंदींनीं खोली भरल्यामुळें.

यावर एक उपाय आमच्या कापसाच्या प्रेसचाच आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांपैकीं पहिला नेहमीं एकच असतो, आणि दुसरा दोहोंपैकीं एक. एवढी पुनरावृत्ति असलेला मजकूर दाबून फार लहान करितां येतो. लेंपेल आणि झिव या दोघांनीं १९७७ सालीं पुनरावृत्ति काढून टाकण्याची जी रीत दाखविली, तिच्या आधारें १९९२ सालीं निघालेला जी-झिप हा प्रोग्राम आजही हें काम फुकट करितो. आपली लिपि जागा तिप्पट मागते हें खरें, पण गाठ बांधल्यावर तींतील पुष्कळ जागा परतही देते.

दुसरा उपाय अधिक विचाराचा आहे, आणि माझ्या मतें या विषयाचा गाभा तोच होय. रोजनिशी वर्षभर न ठेवतां तीस दिवसांचीच ठेवली, तर तिला एक कोटी ऐंशी लाख बाइट पुरतात. सर्व मिळून चार कोटी चार लाख. वर्षभराच्या नोंदी ठेवल्या तर हाच आंकडा चोवीस कोटी चौदा लाखांवर जातो. सहापट अंतर! तें प्रोग्रामनें पाडलेलें नाहीं, लिपीनेंही नाहीं. काय लक्षांत ठेवावें आणि काय विसरावें, या आपल्या निर्णयानें तें पडलेलें आहे. शेतकरी बॉटला काय विचारील? कर्जाचा हप्ता, पीकविम्याची रक्कम, घरांतील आजारपण. तीं वाक्यें दुसऱ्याच्या यंत्रावर, आपण जिचे मालक नाहीं अशा खोलींत पडून राहतात. कामाला लागतील तेवढेच दिवस ती माहिती ठेवावी, हें तत्त्व २०२३ सालीं आपल्या संसदेनें केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यांतही आलें आहे. कायदा नसता तरी घरंदाज माणूस दुसऱ्याची अडचण वहींत लिहून ठेवीत नाहीं.

अलीकडील बोलक्या यंत्रांनीं हा हिशेब पुन्हां एकदां उलटा केला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्यें मेटा कंपनीनें ‘लामा’ नांवाचें जें भाषायंत्र प्रसिद्ध केलें, त्याच्या सर्वांत लहान प्रकारांत सुमारें ७०० कोटी संख्या आहेत. दर संख्येस दोन बाइट धरले तर १,४०० कोटी बाइट होतात. संख्यांची सूक्ष्मता कमी करून त्या अर्ध्या बाइटांत बसविल्या तरी ३५० कोटी. आमच्या मंडळाच्या खोलींत हें पाहुणें मावणार नाहीं. म्हणून आजचे लहान बॉट आपल्या खोलींत केवळ निरोप्या ठेवतात, आणि प्रश्न दूरच्या मोठ्या यंत्राकडे पाठवून उत्तर आणवितात. त्यामुळें खोली लहान पुरते हें खरें. परंतु नोंदी आतां दोन घरीं राहूं लागतात, आणि दुसऱ्या घराची किल्ली आपल्याजवळ नसते. जागेचा खर्च वांचला म्हणून हा दुसरा हिशेब करावयाचा राहूं देऊं नये.

सारांश, बोलक्या यंत्राला जागा किती, या प्रश्नाचें उत्तर चार पायऱ्यांनीं काढावें. प्रोग्राम आणि संहिता यांची जागा मोजावी. मराठी असेल तर चिन्हागणिक तीन बाइट धरावे. सुरक्षित बदलासाठीं ती दुप्पट करावी. आणि शेवटीं रोजनिशी किती दिवसांची ठेवावयाची हें ठरवून तिची भर घालावी. पहिल्या तिहींना गणित पुरतें. चौथीसाठीं मात्र मंडळाच्या चालकांनीं एकत्र बसून, ज्यांचे शब्द आपण ठेवणार त्यांचा विचार करून ठराव केला पाहिजे. आणि तो ठराव खोली भाड्यानें घेण्यापूर्वीं झाला पाहिजे.